सुतानं न धरलेला रंग

हे लिहिणार नव्हतो. मोबाईलवर तीनदा सुरू केलं आणि तीनदा पुसलं. एक तर सगळी गोष्ट लघवीची आहे. असलं कुणाला वाचायला द्यायचं म्हणजे लाज वाटते. दुसरं एक कारण आहे, ते शेवटी सांगतो. आत्ताच सांगितलं तर तुम्ही माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघाल.

तर सुरू करतो. चहाच्या सुट्टीत टाईप करतोय, तुकडे तुकडे पडले तर सांभाळून घ्या.

सहा वर्षांपूर्वीचा मार्च. सोलापूर. आमचा सूत रंगवायचा कारखाना. बॉयलरच्या मागं एक भिंत आहे, गडी माणसं तिथंच उभी राहायची. संडास होता, पण गेटपाशी. तेवढं कोण चालणार. त्या आठवड्यात बॉयलर तपासायला साहेब येणार म्हणून मालकांनी त्या भिंतीला चुना मारून घेतला होता. पांढरीशुभ्र भिंत.

मी आणि राजेशमअण्णा शेजारी शेजारी उभे होतो.

"बघ बे मल्ल्या," अण्णा म्हणाले. "ह्याला म्हणतात पक्का रंगारी."

मी बघितलं. चुन्यावर लाल ओघळ.

अण्णा हसत होते, म्हणून मीही हसलो. आमच्यात ह्यात नवल काही नाही. हिरवा लॉट चालू असला की शेंबूड हिरवा, निळा असला की थुंकी निळी. बनियन घामानं रंगते ती वेगळीच. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात घरी आई विचारते, अरे तुला झालंय काय, आणि तो दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो आणि आम्ही पोट धरून हसतो. अंगातनं रंग निघतो ह्याचा आम्हाला थोडा गर्वच होता.

अण्णा म्हणजे आमचे डाइंग मास्तर. राजेशम येलदी, वय बावन्न, सव्वीस वर्षं रंगात. मी तेव्हा चोवीसचा. दहावी नापास होऊन सुताच्या लड्या उचलायला आलो होतो. शेड जुळवायला मला कुणी बसवून शिकवलं नाही. जुनी शेडकार्डं फेकून द्यायचे, ती मी गोळा केली. वहीत तुकडे चिकटवले. खिडकीत उभा राहून फरक बघत बसायचो, ह्याच्यात निळं जास्त, त्याच्यात पिवळं जास्त. अण्णांनी वर्षभर नुसतं बघितलं आणि एक दिवस वही हातातनं घेऊन म्हणाले, "ह्यातला अकरावा तुकडा चुकलाय." तिथनं आमची दोस्ती. अठ्ठावीस वर्षांचं अंतर, पण दोस्तीच. दुसरा शब्द नाही त्याला.

तर भिंत. मी हसलो खरा, पण नजर हटेना. आमच्या मरून रंगाच्या खाली निळं असतं. पातळ केला की जांभळट होतो. भिंतीवरचा ओघळ कडेला पातळ होत होता आणि तिथं तो जांभळट नव्हता. चहासारखा होता.

"अण्णा," मी म्हणलं, "मरूनचा लॉट शिमग्याआधी उतरला."

"मग?"

"पाडवा चार दिवसांवर आला. अकरा दिवस आपण बॉटल ग्रीन काढतोय."

"मग लाल कुठनं आला, असं म्हणायचंय तुला?"

"हां."

"अंगात साठतो बे. सव्वीस वर्षं साठलाय. तुझ्यात किती, चार वर्षांचा. तू अजून कच्चा आहेस."

"कधीपासनं येतंय असं?"

"संक्रांतीपासनं. येतंय, जातंय. आठ दिवस येतंय, मग पंधरा दिवस साफ."

"दुखतं?"

"तेच तर. कायसुद्धा दुखत नाही. आजार दुखतो, मल्ल्या. रंग दुखत नाही."

हे वाक्य ते इतक्या खात्रीनं बोलले की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी पण अर्धा दिवस गप्प बसलो. दुपारी परत विषय काढला.

"एकदा डॉक्टरला दाखवू या."

"डॉक्टरला रंगातलं काय कळतं? रंगातलं मला कळतं."

"मग तुम्हीच बघा की."

"काय बघू?"

"रंग असला तर सूत धरेल."

अण्णा लड पिळत होते, थांबले.

"काय म्हणालास?"

"आपला डायरेक्ट रंग. मीठ घालून उकळला की सुताला बसतो, तुम्हीच शिकवलंय. तुमच्या पोटातनं आला म्हणून काय त्याचा गुण जातो का? पातेल्यात घ्या, मीठ टाका, लड सोडा. धरला तर रंग. नाही धरला तर..."

"तर काय?"

"तर माझ्याबरोबर डॉक्टरकडं."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते.

"आणि धरला तर?"

"पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सावजी मटण, माझ्याकडनं."

"दोन ताटं. घरी तुझ्या अक्काला पण आवडतं."

"दोन."

"चल. आत्ताच."

आमची लॅब म्हणजे एक खोली. दोन शेगड्या, सहा स्टीलची पातेली, एक तराजू आणि उत्तरेची खिडकी. शेड बघायला उत्तरेचाच उजेड लागतो, ऊन आलं की रंग खोटं बोलतो. हेही अण्णांचंच.

मी दार लावून घेतलं. अण्णांनी पातेलं भरून आणलं. तोंडावर जिंकलेल्या माणसाचा भाव.

"एकट्या पातेल्यानं काय कळणार?" ते म्हणाले. "मुकाबला पाहिजे. तुझं पण आण. त्यात मी चिमूटभर मरून घालतो. दोन्ही शेजारी ठेवू. मग गपगुमान मटण आण."

बरोबर होतं ते. कुठलंही सॅम्पल एकटं बघायचं नसतं. मीही दुसरं पातेलं भरून आणलं. अण्णांनी मरूनचा डबा उघडला, बोटांनी चिमूट घेतली. चमचा होता शेजारी, पण चमच्यानं रंग घेणारा माणूस त्यांच्या मते कारकून. माझ्या पातेल्यात सोडली, काडीनं ढवळलं. माझं पातेलं लालभडक झालं. त्यांचं त्याच्यापुढं फिकं.

सवयीनं मी खडू घेऊन पातेल्यांवर नावं लिहिली. आम्ही गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतो आणि ज्याचं सॅम्पल त्याचं नाव पातेल्यावर असतंच. एकावर लिहिलं, पार्टी: मल्लू. दुसऱ्यावर, पार्टी: अण्णा.

"ऑर्डर किती किलोची?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्यावर आहे, किती पाणी प्यालात."

दोन्हीत दहा दहा ग्रॅमच्या पांढऱ्या लड्या सोडल्या. मीठ टाकलं. शेगड्या पेटवल्या. वासाचं विचारू नका.

दहा मिनिटांत माझ्या पातेल्यातली लड लाल व्हायला लागली. पाणी हलकं होतं आणि लड जड होते, तसं. रंग पाण्यातनं निघून सुतात जातो. कितीही वेळा बघितलं तरी मला ते बघायला आवडतं.

अण्णांच्या पातेल्यात वेगळंच चाललं होतं. उकळी यायच्या आधीच लाल गेला. पाणी तपकिरी झालं, मग गढूळ. मग त्यात कण दिसायला लागले. दूध नासतं तसे, बारीक, तपकिरी. रंग असा कधी फुटत नाही.

मी अण्णांकडं बघितलं नाही. शेगडीकडं बघून म्हणलं, "साबणाचं पाणी आणतो धुवायला."

नळ बाहेर होता. बादली भरेपर्यंत तीन-चार मिनिटं गेली. आत आलो तर अण्णा त्यांच्या पातेल्यासमोर उभे होते आणि उजवा हात लुंगीला पुसत होते. तळवा मरून. ह्यात काय विशेष, आमचे तळवे बाराही महिने कुठल्या ना कुठल्या रंगाचे. मी बादली ठेवली.

"आणलंस? दे."

त्यांनी दोन्ही लड्या हातानंच बाहेर काढल्या. उकळत्या पाण्यातनं. त्यांच्या बोटांना चटका बसत नाही, निदान ते तसं म्हणतात. साबणात धुतल्या, साध्या पाण्यात धुतल्या, पिळल्या, झटकल्या. कुठलीच पायरी सोडली नाही. कुठली घाई केली नाही. एखाद्या मोठ्या पार्टीचं सॅम्पल असावं तसं. मग दोन्ही घेऊन खिडकीपाशी गेले.

माझी लड मस्त मरून. एकसारखी.

त्यांची लड जवळजवळ पांढरी. मध्ये एका जागी चहा सांडल्यासारखा डाग. अण्णांनी ती उलगडली. बोटांनी धागे वेगळे करून आतले बघितले. रंग बसलाय का नुसता चिकटलाय, ते आतल्या धाग्यावर कळतं.

"आत गेलाच नाही," ते म्हणाले.

त्यांनी लड जरा वर धरली. उजेडाकडं. बराच वेळ. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"हा आपला रंग नाही."

मग लड खिडकीत ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "उद्या किती वाजता?"

(चहा संपला. संध्याकाळी परत लिहितो.)

लिहितो पुढचं. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी. अण्णा, मी आणि अक्का, म्हणजे पद्मावतीअक्का, अण्णांची बायको. अक्काला सकाळीच कळलं होतं आणि ती रिक्षात एक शब्द बोलली नव्हती. तिनं मला आत जाताना एवढंच विचारलं, "मल्लू, तुला भिंतीवर दिसलं. मला घरात दिसलं नाही. असं कसं?"

"घरी ते पाणी ओतत असतील, अक्का."

"माझ्यापासनं लपवायला?"

"नाही. स्वच्छता म्हणून."

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला खोटं बोलता येत नाही."

सोनोग्राफीवाल्या मॅडमनी अण्णांच्या पोटावर जेल लावलं आणि यंत्र फिरवायला लागल्या. उजवीकडं फिरवलं. डावीकडं फिरवलं. डावीकडं परत. परत. मग विचारलं, "काका, डावी किडनी कधी काढली?"

"काय काढली?"

"डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय का कधी?"

"माझ्या अंगाला आजवर ब्लेड लागलंय ते दाढीचं."

मॅडमनी परत बघितलं. "डावी किडनी नाहीये तुम्हाला. जन्मापासून नसणार. असतात अशी माणसं, त्यांना कळतही नाही. उजवी मोठी झालीये, दोघींचं काम करते."

अण्णा झोपल्या झोपल्या माझ्याकडं बघायला लागले. "बावन्न वर्षं एका बॉयलरवर कारखाना चालला, मल्ल्या."

अक्का कोपऱ्यात उभी होती. सकाळपासनं पहिल्यांदा अण्णांशी बोलली. "लग्नाच्या वेळी तुमच्या लोकांनी हे सांगितलं नव्हतं."

मॅडमना हसू आवरेना. अण्णा पण हसले, पोट हललं, मॅडम म्हणाल्या हलू नका. मग त्यांनी यंत्र खाली, लघवीच्या पिशवीवर आणलं आणि त्या हसायच्या थांबल्या.

लघवीच्या डॉक्टरांचं नाव हत्तुरे. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून आत बघितलं आणि आम्हाला समोर बसवून कागदावर चित्र काढलं. पिशवी. पिशवीत उजवीकडं एक गाठ, बोराएवढी. आणि तिच्या अगदी शेजारी एक भोक.

"हे उजव्या किडनीच्या नळीचं तोंड," डॉक्टर म्हणाले. "लघवी किडनीतून इथून पिशवीत उतरते. दुसऱ्या कुणाला दोन तोंडं असतात. एक बुजलं तर दुसरं असतं. तुम्हाला हे एकच आहे. आणि गाठ ह्याच्या कडेला आलीये."

"बुजलं तर?"

"लघवी मागं तुंबेल. किडनी जाईल. आणि दुसरी नाही."

अण्णा कागदाकडं बघत होते.

"साहेब, हे कशानं?"

"काय काम करता?"

"सूत रंगवतो."

"किती वर्षं?"

"सव्वीस."

"हातमोजे?"

अण्णांनी दोन्ही तळवे टेबलावर उघडे ठेवले. डॉक्टरांनी ते बघितले.

"विडी?"

"दिवसाला एक बंडल."

"काही जुन्या रंगांमुळं पिशवीत अशा गाठी होतात, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. विडीनंही होतात. तुमची कशानं झाली हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तुम्ही दोन्ही बाजूंनी तिला खतपाणी घातलंय. उद्याच ऑपरेशन करू. पोट फाडायचं नाही, लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून खरवडायची. मग ती किती खोल गेलीये ते तपासू. वरवर असेल तर चांगलं. स्नायूत गेली असेल तर मोठी गोष्ट."

अण्णांनी घसा साफ केला. "पाडवा झाल्यावर आठ दिवसांनी केलं तर? बॉटल ग्रीनची ऑर्डर अर्धी बाकी आहे. टॉवेलच्या सुताची. मी नसलो तर शेड जाईल."

डॉक्टर काही बोलायच्या आत मी बोललो. "उरलेला लॉट मी काढतो."

"तू?"

"हां, मी."

"बॉटल ग्रीन? तुझ्या हातनं पिवळा पडेल."

"पडू दे."

"मालक काय म्हणतील?"

"मालकांना मी सांगतो. आणि तुम्ही पैज हरलाय, अण्णा. हरलेल्यानं बोलायचं नसतं."

डॉक्टरांनी विचारलं, कसली पैज. मी सांगितली. पातेलं, मीठ, लड, सगळं. ते ऐकत गेले आणि त्यांचा पेन हातातच राहिला. मग म्हणाले, "तपासायच्या खूप पद्धती बघितल्या मी. ही नाही बघितली." आणि लगेच माझ्याकडं बोट करून म्हणाले, "पण ही पद्धत नाही. लक्षात ठेव. सूत कोरं राहिलं म्हणून घाबरून आलात हे नशीब. साफ दिसणाऱ्या लघवीतही रक्त असतं, ते डोळ्याला दिसत नाही. यंत्राखाली दिसतं. पुढच्या वेळी पातेलं नको, तपासायला बाटली द्यायची."

"हो साहेब," मी म्हणलं.

हा "हो साहेब" लक्षात ठेवा.

ऑपरेशन पाडव्याच्या आदल्या दिवशी झालं. मी नव्हतो, मी कारखान्यात होतो. आयुष्यात पहिल्यांदा चारशे किलोचा लॉट एकट्यानं सोडला. अण्णा मागं उभे नाहीत ह्याची भीती वाटायला पाहिजे होती, ती वाटलीच नाही. मला माहीत होतं मला येतंय. मीठ दोन हप्त्यांत घातलं, वाफ हळू वाढवली, लड्या फिरवल्या. संध्याकाळी एक लड वाळवून खिशात घातली आणि थेट दवाखान्यात.

अण्णा कॉटवर. लघवीच्या वाटेनं नळी, नळीची पिशवी कॉटच्या खाली लटकलेली. वरनं पाण्याच्या बाटल्या लावलेल्या, पाणी आत जातंय, आतलं धुवून खालच्या पिशवीत येतंय. मी स्टूल ओढून बसायच्या आत अण्णा म्हणाले, "खाली बघ. शेड सांग."

मी पिशवीकडं बघितलं. "मरूनच्या जवळ."

"दुपारी चारला ह्याच्या दुप्पट होता. मी बघतोय. पाणी हलकं व्हायला लागलंय."

अक्का म्हणाली, "नर्सपण विचारायला लागल्यात, काका आता कुठला रंग?"

मी खिशातनं हिरवी लड काढून दिली. अण्णांनी ती घेतली आणि खिडकीकडं बघितलं. कॉट खिडकीपासनं लांब होती. अक्कानं न सांगता पडदा सरकवला. थोडा उजेड राहिला होता. अण्णांनी लड उलगडली, आतले धागे बघितले.

"पिवळा नाही पडला."

"मग?"

"निळा पडलाय. किंचित." मग लड उशीखाली ठेवली. "पास."

दुसऱ्या दिवशी पाडवा. मी पुरणपोळीचा डबा घेऊन गेलो तर पिशवीतलं पाणी गुलाबी. तिसऱ्या दिवशी पांढरं. अण्णांनी शेजारच्या कॉटवरच्या माणसालाही शेड सांगायला सुरुवात केली होती.

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. हे आठ दिवस मी लिहीत नाही, त्यात लिहिण्यासारखं काही नाही, फक्त अक्का रोज विचारायची आला का आणि मी रोज म्हणायचो नाही. मग आला. गाठ कॅन्सरचीच, पण वरवरची. स्नायूपर्यंत गेलेली नव्हती. किडनीच्या नळीचं तोंड उघडं. डॉक्टर हत्तुरे म्हणाले, "अजून दोन-तीन महिने भिंतीकडं बघून हसला असतात, तर मी आत्ता वेगळं बोलत असतो."

नंतर दर आठवड्याला नळीनं पिशवीत औषध सोडायचे. दोन तास आत धरायचं आणि मधून मधून कूस बदलायची, औषध सगळीकडं लागावं म्हणून. अण्णा म्हणायचे, आता मला आतनं रंगवतायत, आणि लड फिरवतात तसं फिरवतायत. दुसऱ्या वर्षी एक छोटी गाठ परत आली, तीही खरवडली. त्यानंतर चार वर्षं साफ. विडी सुटली. रंगही सुटला. अण्णा आता घराखाली स्टेशनरीचं दुकान चालवतात आणि वह्यांची कव्हरं शेडप्रमाणे लावतात. डाइंग मास्तर आता मी आहे.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण गेल्या गुरुवारचं सांगायचं राहिलं.

गुरुवारी अण्णांची वर्षाची दुर्बीण होती. साफ निघाली. बाहेर येऊन आम्ही दवाखान्यासमोरच्या गाड्यावर चहा घेतला. अण्णा मजेत होते. एकदम म्हणाले, "मल्ल्या, तुला एक सांगितलं नाही सहा वर्षं."

"काय?"

"तू साबणाचं पाणी आणायला गेलास ना. माझ्या मुठीत चिमूट होती."

"कसली?"

"मरूनची. डबा उघडाच होता. माझ्या पातेल्यात टाकणार होतो. दहा ग्रॅम सुताला चिमूट बास झाली असती. तुला कळलंसुद्धा नसतं, मटण घेऊन आला असतास."

मला लुंगीला पुसलेला तो तळवा आठवला.

"फुटलेलं पाणी बघितलं होतं की मी," अण्णा म्हणाले. "मला कळलं होतं. म्हणूनच चिमूट घेतली."

"मग टाकली का नाही?"

"टाकायला हात पुढं केला आणि पातेल्यावर तुझं अक्षर दिसलं. पार्टी: अण्णा." ते चहाच्या कपात बघत हसले. "आयुष्यात कुठल्या पार्टीचं सॅम्पल खोटं केलं नाही बे. एका पार्टीसाठी कुठं सवय मोडायची."

चहावाल्यानं कप मागितले, ते दिले.

मग अण्णांनी माझे हात धरले. नुसते धरले नाहीत, उलटे करून तळवे वर केले. मरून होते. सकाळीच लॉट काढून आलो होतो. कारखान्यात हातमोजे आहेत, मीच आणायला लावले, पोरांना मी घालायला लावतो, न घालणाऱ्याला घरी पाठवतो. माझे खिळ्याला अडकवलेले असतात. मोज्यातनं शेड कळत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

"दहा वर्षं झाली ना तुला?" अण्णांनी विचारलं.

"दहा."

"बाटली कितीदा दिलीस?"

मी मुठी मिटायला बघितल्या.

"एकदा तरी?"

"मला काही होत नाही, अण्णा. साफ असतं. मी बघतो की रोज."

बोललो आणि मलाच ऐकू आलं, काय बोललो ते.

हे माझं दुसरं कारण. ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल. चहावर, लग्नात, कारखान्यात नव्या पोरांना. सगळे म्हणतात, मल्लूशेठ, काय नजर तुमची. आणि मी सहा वर्षांत स्वतःची एक बाटली दिली नाही. वेळ नव्हता असं नाही. भीती वाटते. गोष्टीतला हुशार मी, आणि गोष्टीच्या बाहेर भिंतीकडं बघून हसणाराही मीच.

"तुझं सॅम्पल मी एकदाच बघितलंय," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी. दुसऱ्या पातेल्यात. ते मस्त मरून निघालं. पण त्यात मी रंग घातला होता, मल्ल्या. त्या रंगाच्या खाली काय होतं, ते तू बघितलंस? मी बघितलं?"

हात अजून त्यांनी सोडले नव्हते.

"सोमवारी," मी म्हणलं.

"सोमवारी काय?"

"सोमवारी सकाळी आठला तुमच्या दारात येतो. तिथनं दोघं जाऊ. बाटली देतो, सोनोग्राफी सांगितली तर तीही करतो. आणि मंगळवारपासनं मोजे."

"शेड कळणार नाही मोज्यातनं."

"डोळ्यानं कळते, अण्णा. तुम्हीच शिकवलंय."

"रविवारी रात्री काहीतरी निमित्त काढशील."

"नाही काढणार. बाटलीवर नाव तुम्ही लिहा, तुमच्या हातानं. पार्टी: मल्लू. मग मी ती खोटी करणार नाही."